निवृत्त की निवर्तले

टिंबराव आपल्याच वर्तमानपत्रातल्या एका शब्दामुळे परलोकात गेले, आणि त्या शब्दाखाली मंजुरीची सही त्यांचीच होती.

टिंबराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं. एकतीस वर्षं ते एकाच दैनिकात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारा माणूस. एकदा एका अनुस्वारासाठी त्यांनी पहिल्या पानाची छपाई अकरा मिनिटं अडवून धरली. तेव्हापासून शिपायापासून संपादकापर्यंत सगळे त्यांना टिंबराव म्हणू लागले. त्यांना त्याचा राग नव्हता. कोणी ते नाव 'टिबंराव' असं लिहिलं, तर मात्र यायचा.

नोकरी रात्रपाळीची. पहाटे घरी येऊन ते झोपत, ते अकराला उठत. बायको शाळेत शिक्षिका. ती सकाळी सहाला घर सोडायची आणि दुपारी दोनला परत यायची. चारला हे निघायचे. मधले दोन तास हा त्यांचा संसार. त्यातला एक तास ती मुलांच्या वह्या तपासायची आणि दुसरा तास टिंबराव तिने तपासलेल्या वह्या तपासायचे. तिची सुट्टी रविवारी, यांची मंगळवारी. अशा बेतात मुलगी वाढली, शिकली, लग्न करून दूरच्या शहरात राहायला गेली, आणि लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी या नवराबायकोंनी सकाळचा चहा एकत्र असा कधी घेतला नव्हता.

ती दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली, ते काल. आज सकाळी सात वाजता टिंबराव तोंड धुऊन, केस विंचरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले, तेव्हा ती दचकली.

"उठलात? आपणहून?"

"म्हणजे काय. ठरलंय ना आपलं."

"ठरलंय हो. पण माणूस खरंच उठेल असं कोणाला वाटतंय." तिने दोन कपांत चहा ओतला आणि दोन्हींवर बशा झाकल्या. "मी पटकन आंघोळ करून येते. सुरू करू नका. एकत्र घेऊ."

"बरं."

"तोवर पेपर वाचा हवा तर. पण पेन्सिल घ्यायची नाही हातात."

"नाही घेत."

"खिशातली काढून ठेवा."

त्यांनी काढून ठेवली. ती गेली. टिंबरावांनी पाचवं पान उघडलं, कारण त्यांच्या निवृत्तीची बातमी तिथे कोपऱ्यात एक कॉलम लागणार होती. चौदा ओळी. त्यांनी स्वतः काल त्यांचं प्रूफ तीनदा वाचलं होतं. 'त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे' हे वाक्य भरताड म्हणून उडवलं होतं, दोन स्वल्पविराम हलवले होते, आणि खाली 'वाचले, छापावे' असं लिहून सही केली होती. नोकरीतली ती शेवटची सही.

बातमीचा मथळा होता: 'ज्येष्ठ मुद्रितशोधक निवर्तले'.

झालं होतं ते असं. मथळा मुळात 'ज्येष्ठ मुद्रितशोधक निवृत्त झाले' असा होता. तो एका कॉलमात मावेना. मुख्य उपसंपादकांना घरी जायची घाई. त्यांनी 'निवृत्त झाले'चं आखडून 'निवर्तले' केलं. निवृत्त होणारा नोकरीतून जातो आणि निवर्तणारा जगातून, एवढा फरक त्या घाईत त्यांच्या ध्यानात आला नाही. आणि टिंबरावांनी मथळा वाचलाच नव्हता. मुद्रितशोधकांचा हा जुना रोग आहे. बारीक अक्षरांत डोळे घालून बसलेल्या माणसाला मोठं अक्षर दिसत नाही.

"अरे गाढवा," टिंबराव म्हणाले. कोणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं. त्यांचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला, आणि टेबल, खिडकी, झाकलेले दोन कप हे सगळं शाई संपत आलेल्या छपाईसारखं फिकं होत होत दिसेनासं झालं.

परलोकाबद्दलचा पुष्कळ मजकूर त्यांनी एकतीस वर्षांत तपासला होता. त्यातलं एकही वर्णन बरोबर नव्हतं. तो एक लांबलचक हॉल होता. बाकं होती, खिडक्या होत्या, खिडक्यांपुढे रांगा होत्या. कोपऱ्यात एक नळ ठिबकत होता. भिंतीवर पाटी होती: 'शातंता राखा'. टिंबरावांना टिंब चुकीच्या जागी दिसलं आणि आपण कुठे आहोत हे कळायच्या आधी आपल्याजवळ पेन्सिल नाही हे कळलं.

रांगेत त्यांच्या पुढे एक भारदस्त मुख्याध्यापक होते. खिडकीतल्या कारकून बाईंनी त्यांचं वर्तमानपत्रातलं कात्रण हातात घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"मागे कोण?"

"पत्नी, तीन मुलगे, तीन सुना आणि सात नातवंडं."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि मान काढून त्यांच्या मागे बघू लागल्या. "मागे तर हे एकटेच आहेत."

"अहो बाई, मागे म्हणजे घरी."

"छापलंय 'त्यांच्या मागे'. चौदा माणसं पाहिजेत, इथे एक आहे." त्यांनी टिंबरावांकडे पेन रोखलं. "तुम्ही यांचे कोण? सून?"

"मी मुद्रितशोधक."

"म्हणजे नातवंडांत," असं म्हणून त्यांनी खूण केली आणि मुख्याध्यापकांना बाकावर बसवलं. उरलेली तेरा येईपर्यंत.

टिंबरावांचा नंबर आला. आपल्याही हातात कात्रण आहे हे त्यांना तेव्हा समजलं.

"बाई, आधी ऐकून घ्या. यात एक चूक आहे. मी निवर्तलेलो नाही. मी निवृत्त झालोय."

"इथे छापील ते खरं."

"पण छापील चुकलंय."

"वाचू या ना." बाई बोट ठेवून वाचू लागल्या. "'सहकाऱ्यांनी जड अंतःकरणाने निरोप दिला.' दिला की नाही?"

"दिला. एक घड्याळही दिलं."

"'त्यांची अचूकता सर्वांच्या सदैव स्मरणात राहील.' स्मरणात कोण राहतं? गेलेलं माणूस."

"ते फक्त घरी गेलेलं माणूस आहे, बाई!"

"इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो." बाईंनी मागच्या कपाटातून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. ते कालचं प्रूफ होतं. वर मथळा, खाली 'वाचले, छापावे', त्याखाली वळणदार सही. "ही कोणाची?"

टिंबरावांनी सही निरखली. तिच्यात एकही चूक नव्हती.

"नोंद अजून पेन्सिलीने आहे," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "घरच्या माणसाने पाहून 'गेले' असं म्हटलं की मी शाईने करते. मग इकडचं तिकडे होत नाही. घरी कोण आहे?"

"बायको. आंघोळीला गेलीय."

"किती वेळ लागतो त्यांना?"

"माहीत नाही."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"बत्तीस."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते नोंदीत जाणारं होतं की खाजगी, हे त्यांनी सांगितलं नाही.

"टिंब्या!" काउंटरच्या आतून हाक आली. असं त्यांना म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि तो जगात नव्हता. खिळेतात्या. संगणक यायच्या आधी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे कंपोझिटर. सोळा वर्षं दोघांचं रोज भांडण झालं होतं. तात्यांनी चुकायचं आणि टिंबरावांनी चुकीभोवती गोल करायचा.

"तात्या! तुम्ही इथे कामाला?"

"कामाला नाही, हौसेने. मला कामाची सक्तीच नाही." तात्यांनी फळी उचलून त्यांना आत घेतलं. "माझी बातमी आठवते का? 'जुने कंपोझिटर यांचे सुखद निधन'. दुःखदच्या जागी सुखद! तू त्या दिवशी रजेवर होतास."

"दाढ दुखत होती. मला नंतर फार वाईट वाटलं, तात्या."

"वाईट कसलं? तुझ्या दाढेचं कल्याण होवो! सुखद निधनवाल्यांना इथे वेगळी खोली, दोन उशा, खिडकीत ऊन. इतक्या वर्षांत आम्ही तिघंच आहोत. पण सगळ्यांचं असं नशीब नाही रे. हे बघ."

आतल्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत नोंदवह्या होत्या. तिकडे जे छापून येईल ते इकडे जसंच्या तसं उतरायचं, आणि जसंच्या तसं व्हायचं. खोलीतून एक बाई चालल्या होत्या, आणि त्यांच्यामागून गुडघ्याएवढा एक म्हातारा लगबगीने येत होता.

"हा कोण?"

"बातमीत 'अल्पशा आजाराने' असं हवं होतं. छापलं 'अल्पशा आजोबाने'. एकोणीस वर्षं हा अल्पसा आजोबा त्या बाईंच्या मागे आहे. बिचारा स्वभावाने चांगला आहे, पण आहे ना." तात्यांनी एक वही पुढे ओढली. "आणि हा गायक. 'गायक'चं 'गायब' झालंय. चाळीस वर्षं नुसता आवाज येतो."

"गुड मॉर्निंग," रिकाम्या खुर्चीतून आवाज आला.

"इथे दुरुस्त करणारं माणूस आजवर आलंच नाही," तात्या म्हणाले. "मुद्रितशोधकांच्या निधनाच्या बातम्या कोणी छापतच नाही ना. तू पहिला." आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढून टिंबरावांच्या हातात दिली.

इथे टिंबरावांचं चुकलं. खरं तर त्यांनी पेन्सिल परत द्यायला हवी होती. पण समोर पान उघडं होतं, 'ब' ढळढळीत दिसत होता, आणि एकतीस वर्षांची बोटं होती. त्यांनी 'ब' खोडून समासात 'क' लिहिला.

खुर्चीत एक टक्कल पडलेला गृहस्थ प्रकट झाला. त्याने आपले हात पाहिले, गुडघे चाचपले, आणि रडू आवरत लगेच गायला सुरुवात केली. गाणं बेताचंच होतं. आयुष्यभर त्यांनी चुका काढल्या होत्या, आणि काढलेली चूक कोणालाच दिसत नाही, राहिलेली तेवढी दिसते. आज पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या दुरुस्तीमुळे उठून उभं राहिलं होतं आणि त्यांचा हात हातात घेऊन हलवत होतं.

"पुढची," टिंबराव म्हणाले.

पुढची एका शिंप्याची होती, त्याचं 'सुईदोरा'चं 'सुईदौरा' झालं होतं आणि तो कायम प्रवासात असायचा. त्याला त्यांनी घरी बसवलं. मग एका 'प्रेमळ' आजी, ज्या 'प्रेमाळ' होत्या. त्यांच्यावर काही परिणाम दिसला नाही, पण टिंबरावांना बरं वाटलं. तात्यांनी स्टूल दिलं. खिडकीतून ऊन आलं. वही संपली, दुसरी उघडली. खांदे सैल झाले, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली. वर्षानुवर्षं त्यांची बायको ज्याला 'तुमचं ते तोंड' म्हणायची, तेच हे तोंड.

"टिंबराव!" काउंटरवरून बाईंची हाक आली. "तुमच्या नोंदीत घरून शेरा आलाय."

त्यांच्या हातातून पेन्सिल पडली. "गेले म्हणाली?"

"नाही. थांबा, अक्षर उमटतंय." बाईंनी वही उजेडात धरली. "'झोपले'."

"काय?"

"'झोपले वाटतं.' टेबलावर डोकं टेकून पडलायत तुम्ही, पेपरवर. त्या बाहेर आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, 'झोपले वाटतं'. हा शाईचा शब्द नाही. वेळ आहे अजून तुम्हाला."

"वा!" तात्या म्हणाले. "नशीबवान आहेस. तेवढ्यात त्या आजोबांचं उरकून टाक."

टिंबराव स्टुलावर बसून राहिले. दुसऱ्या कोणाच्या बायकोने नवऱ्याला सकाळी असं पडलेलं पाहिलं असतं तर किंकाळी फोडली असती. हिने फोडली नाही, कारण बत्तीस वर्षं सकाळी हिने नवरा असाच पाहिला होता. तिच्या हिशेबी हे नेहमीचंच.

"पुढे काही?" त्यांनी विचारलं.

"'सांगितलं होतं. पण नाही.'" बाई वाचत होत्या. "मग नुसता श्वास. तो कसा लिहायचा ते इथे कोणाला कळलेलं नाही, म्हणून तीन टिंबं दिलीत. आणि आता... 'जाऊ दे. मी घेते माझा.'"

"काय घेते?"

"चहा असेल."

टिंबराव ताडकन उठले. स्टूल मागे पडलं.

"नाही! एकटीने नाही घ्यायचा तिने. आमचं ठरलंय. बाई, मला परत पाठवा. आत्ता."

"कशाच्या आधारावर? छापील आधार लागतो."

"टिंब्या, अरे बस," तात्या म्हणाले. "चहाचं काय एवढं? उद्या घेईल, परवा घेईल. इथे एवढ्या लोकांचे हाल चाललेत, आणि तू..."

"तात्या, बत्तीस वर्षं मी तिला हेच सांगत आलो." टिंबरावांनी कात्रण काउंटरवर आपटलं आणि मथळ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांनी तो सरळ, अक्षर अक्षर, परक्या माणसाचा मजकूर असल्यासारखा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर अशी एक कळा आली, जी ऑफिसातल्या लोकांना चांगली माहीत होती. ती दिसली की छपाई थांबायची.

"बाई, तुमच्याकडे शब्दकोश आहे?"

"आहे."

"छापील?"

"अर्थातच."

"मग 'निवर्तणे' काढा."

बाईंनी जाडजूड कोश काढला, थुंकी न लावता पानं उलटली आणि वाचलं. "'निवर्तणे. मूळ धातू वृत्, म्हणजे वळणे. एक: मागे फिरणे, परत येणे. दोन: थांबणे. तीन: मरणे.'"

"पहिला अर्थ काय आहे?"

"मागे फिरणे, परत येणे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण आम्ही तिसराच घेतो. कायमचा रिवाज आहे तो."

"पहिला सोडून तिसरा घ्यावा असा नियम कुठे छापलाय? दाखवा."

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, चाळलं, मिटलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. नियम नव्हता.

"इथे छापील ते खरं, बरोबर?" टिंबराव म्हणाले. "छापलंय की ज्येष्ठ मुद्रितशोधक मागे फिरले. परत आले. सही माझी आहे. मी मान्य करतो."

"हळू बोला हो!" बाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. "या हॉलमध्ये 'निवर्तले' असं छापून आलेले किती जण बसलेत, कल्पना आहे का? सगळे उठले तर मी एकटी काय करू?"

"काय म्हणाले ते?" बाकावरून मुख्याध्यापक ओरडले. "कोण मागे फिरलं?"

"तुमचं 'दुःखद निधन' आहे, तुम्ही बसा! तुमची अजून तेरा यायचीत." बाई पुढे वाकल्या. "हे बघा, मी देते परवाना. पण तो छापील लागेल. तात्या, जुळवा चार ओळी. आणि तुम्ही तिकडे गेल्यावर हा पहिला अर्थ कोणाला सांगायचा नाही."

"नाही सांगत."

"लिहायचा पण नाही."

"मी लिहीत नाही. मी फक्त तपासतो."

खिळेतात्या तोवर खिळ्यांच्या कप्प्यांपाशी गेले होते. बोटं जुनीच, वेग जुनाच. पण पाठ वळलेली होती. टिंबराव त्यांच्याजवळ गेले.

"तात्या, त्या आजोबावाल्या बाईंच्या नोंदीत फार काही नाही. 'जो'चा 'जा' करा, 'बा'चा 'रा'. तुम्हाला जमेल."

"मला? दुरुस्ती?" तात्यांनी वळून पाहिलं. "मी आयुष्यात फक्त चुका केल्यात."

"म्हणून तर. चूक कुठे असते ते तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

तात्यांनी चष्मा पुसला. मग ओल्या शाईचा एक कागद त्यांनी पुढे केला. प्रूफ. टिंबरावांनी पेन्सिल घेतली आणि वाचलं.

'सदर नवविवाहित इसम मूळ पत्त्यावर परत पाठविण्यात येत आहे. पत्नीने ताब्यात घेऊन पोच द्यावी.'

"तात्या, 'विवाहित'च्या आधी 'नव' कुठून आलं?"

"आलं का? खिळ्यांच्या कप्प्यात हात चुकला असेल."

"मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम मी एकही चूक केलेली नाही. सगळ्या आपोआप झाल्या."

"मग हे काढा."

"काढतो की. पण ओळ सुटेल, पुन्हा जुळवणी, पुन्हा शाई, पुन्हा प्रूफ. तुला घाई नसेल तर..."

"टिंबराव!" काउंटरवरून बाई ओरडल्या. "नवा शेरा! 'अहो?' असं उमटलंय, प्रश्नचिन्हासकट! त्या जवळ आल्यात. हात लावतील आता!"

टिंबरावांची पेन्सिल 'नव'वर होती. त्या दोन अक्षरांभोवती गोल करायला तिला अर्धा सेकंद पुरला असता. इथे जे छापलं जातं ते तसंच घडतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पुन्हा वाचलं. नवविवाहित. शब्द शुद्ध होता. फक्त खोटा होता.

त्यांनी गोल केला नाही. खाली लिहिलं, 'वाचले, छापावे', आणि सही केली. समोर दिसणारी चूक त्यांनी जाणूनबुजून जाऊ दिली, ती आयुष्यात पहिल्यांदाच.

खांद्यावर हात होता.

"अहो! असं झोपू नका, मान अवघडेल."

टिंबराव उठून बसले. गालाला पाचव्या पानाची शाई लागली होती. ती समोर उभी होती, ओले केस, हातात कप.

"तू... घेतलास चहा?"

"घेणार होते. कप तोंडाशी नेला, मग म्हटलं, एकदा हलवून बघावं." तिने कप खाली ठेवला. "असे काय बघताय?"

"काही नाही."

"बघताय तर."

"बस ना," टिंबराव म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपले कान गरम झालेत. ती बसली. नेहमीसारखी नाही, खुर्चीच्या कडेला. ओल्या केसांची बट तिने कानामागे सारली आणि उगाच बशी जराशी सरळ केली.

"साखर किती घेता हो तुम्ही?" तिने विचारलं.

"तू घातली नाहीस?"

"घातली. अंदाजाने. तुमचा अकराचा चहा तुम्हीच करून घ्यायचात, मला काय माहीत?"

"दीड चमचा. आणि तू?"

"बिनसाखरेचा."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"मला माहीतच नव्हतं," टिंबराव म्हणाले. ती हसली आणि खाली बघू लागली. त्यांनी हात टेबलावरून थोडा पुढे सरकवला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे सरकवला.

"अहो, काय चाललंय? कोणी बघेल."

"कोण बघणार? आपण दोघंच आहोत घरात."

"म्हणूनच म्हणते."

फोन वाजला. तिने घेतला, आणि ऐकता ऐकता तिच्या भुवया चढत गेल्या. "कोण गेलं? ... कुठे छापलंय? ... नाही हो. समोर बसलेत. ... हो, जिवंत आहेत. चहा घेतायत." तिने फोन ठेवला, पेपर आपल्याकडे फिरवला, मथळा वाचला आणि एक क्षण तिचा चेहरा पार उतरला. मग तिने टिंबरावांच्या गालावरची शाई पाहिली, आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "हा शब्द चुकलाय."

"हो."

"तुमच्या नजरेतून सुटला?"

"सुटला."

पुन्हा फोन. या वेळी मुख्य उपसंपादक होते, आणि त्यांचा रडवेला आवाज टेबलापलीकडे ऐकू येत होता. तिने फोनवर हात ठेवला. "उद्या दुरुस्ती छापतो म्हणतायत. मजकूर तुम्हीच सांगा म्हणतायत. आणि प्रूफ तपासायला आज संध्याकाळी याल का असं विचारतायत, एकदाच, शेवटचं."

टिंबरावांनी टेबलावरची पेन्सिल पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं.

"त्यांना म्हणावं, तुम्हीच लिहा आणि तुम्हीच तपासा. मी कामात आहे."

"कसल्या कामात, विचारतायत."

"सांग काहीही."

"आमचा चहा चाललाय," तिने फोनवर सांगितलं, आणि फोन बाजूला काढून ठेवला.

बशा उचलल्या तर चहा केव्हाच निवला होता. वर साय धरली होती. "गरम करून आणू?" तिने विचारलं.

"नको. उठू नकोस."

दोघांनी तो गार चहा, एकमेकांकडे न बघता, फुंकर मारत मारत प्यायला.